फक्त एक ठोका

संपादकांना हवी होती बेलफास्टच्या १२ जुलैची रंगीत गोष्ट: नारिंगी पट्टे, रेशमी फलक, आदल्या रात्री पेटलेले लाकडी पॅलेटांचे डोंगर. ते सगळं तिथे आहेच. पण तयारी म्हणून मिरवणुकांवर अटी घालणाऱ्या परेड्स कमिशनचे जुने निर्णय चाळताना मी एका अटीपाशी अडकले. डोनेगॉल स्ट्रीटवरच्या सेंट पॅट्रिक्स या कॅथलिक चर्चसमोरून जाताना कुठलीही चाल वाजवायची नाही, पावलांचा ताल राखण्यापुरता एका ढोलाचा ठोका चालेल, असा तिचा आशय. चाल नको, हे कळलं. मग ठोका तरी कशाला?

कारण पायांना तो लागतो. उत्तर आयर्लंडमधली प्रोटेस्टंट मिरवणूक ही काही नाचत जाणारी गर्दी नव्हे. गोल टोप्या, पांढरे हातमोजे, गळ्यात नारिंगी पट्टा, हातात गुंडाळलेली छत्री अशा थाटात ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या लॉजचे, म्हणजे शाखांचे, सदस्य रांगेत चालतात. ताल गेला की त्या रांगांचा बाजार होतो, आणि या मंडळींच्या लेखी तो अपमान. ताल देणारा बँड लॉजचा नसतो. ती वेगळी मंडळी, लॉजच्या आमंत्रणावरून आलेली. साधारण बँडमध्ये ओळीने बासऱ्या, काही साइड ड्रम, झांजा आणि एक बास ड्रम. बासरी बी-फ्लॅटची, शिकायला फारशी अवघड नाही आणि रस्ता भेदून जाईल इतकी तीक्ष्ण. ‘ब्लड अँड थंडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पथकांत बास ड्रमवाला म्हणजे राजा. गिरक्या घेत, पाठ मागे टाकून तो असा बडवतो की कधी कधी बोटांची सालटी निघतात. तरुण पोरं लॉजकडे नाही, या बँडांकडे ओढली जातात.

चर्च जवळ आलं की सगळ्यांत पुढे चालणारा काठीने खूण करतो. चाल तुटते. बासऱ्या काखेत जातात, बास ड्रमवाल्याचे हात खाली येतात. उरतो एक साइड ड्रम. डावं पाऊल पडताना एक ठोका, मग रिकामी जागा, मग पुन्हा डावं पाऊल. मी ज्याच्यावर नजर ठेवून होते तो विशीतला असेल. त्याचे डोळे पुढच्याच्या मानेवर खिळलेले. एका बाजूला पोलीस, त्यांच्या मागे चर्चच्या पायऱ्यांवर पॅरिशची काही माणसं हाताची घडी घालून उभी. ठोका हलका पडला तर मागच्या रांगा चुकतात. जोरात पडला तर तोच टोमणा ठरतो. आपण काय वाजवतो याला कान लावून दोन्ही बाजू बसल्या आहेत, हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. मनगट इतकं आवरून धरलेला वादक मी क्वचितच पाहिला आहे.

ही अट आली ती २०१२ च्या जुलैमुळे. मिरवणूक मध्येच थांबलेली असताना एक बँड नेमका याच चर्चसमोर वर्तुळात फिरत वाजवत राहिला, आणि कोणीतरी ते चित्रित केलं. चाल ‘स्लूप जॉन बी’ची. बीच बॉइजनी गाजवलेलं हे गाणं आहे, त्यात काय वावगं, असं समर्थन झालं. पण त्याच चालीवर ‘फॅमिन साँग’ बसवलेलं आहे. दुष्काळ संपला, आता घरी का जात नाही, असं आयरिशांना हिणवणारं हे गाणं स्कॉटलंडच्या न्यायालयाने २००९ मध्ये वंशद्वेषी ठरवलं होतं. शब्द कोणी उच्चारला नाही, तरी समोरच्याने तो ऐकला. त्याच ऑगस्टमध्ये रॉयल ब्लॅक या ऑरेंज ऑर्डरच्या भावंड-संस्थेच्या मिरवणुकीत चर्चसमोर घातलेली बंधनं मोडली गेली, पुढे दंगली झाल्या आणि सप्टेंबरात त्या संस्थेने चर्चच्या धर्मगुरूंची आणि भाविकांची क्षमा मागितली. क्षमा मागितली गेली, ही गोष्ट या प्रांतात छोटी नाही.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. प्रार्थनास्थळापुढून वाजत जायचं की वाद्यं थांबवायची, यावरून १८९४ साली पुण्यात दंगल झाली होती, आणि तो प्रश्न त्यानंतरही अनेक गावांच्या पोलीस ठाण्यांत पोचत राहिला.

या मिरवणुकांचा अधिकृत इतिहास थोडक्यात. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम याने कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला; १२ जुलैचा सोहळा त्याच विजयाचा. १७९५ मध्ये आर्मा परगण्यातल्या लॉगॉलजवळ झालेल्या चकमकीनंतर ऑरेंज ऑर्डर स्थापन झाली. १८४९ मध्ये डॉलीज ब्रे इथे मिरवणुकीवरून रक्त सांडलं, १८५० मध्ये मिरवणुकांवर बंदीचा कायदा आला, आणि तो मोडून लोकांना घेऊन चालल्याबद्दल बॅलीकिलबेगच्या विल्यम जॉन्स्टनने १८६८ मध्ये तुरुंग भोगला. १८७२ मध्ये कायदाच गेला. बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही, हे सरकारला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुन्हा ढोलाकडे. खेड्यांतला ढोल तर वेगळाच. लँबेग हे लिस्बर्नजवळचं गाव, त्याच्या नावाचा ढोल सुमारे तीन फूट व्यासाचा, दोन्ही तोंडांना बकरीचं कातडं, वजन पंधरा किलोच्या पुढे, वाजवायला मलाक्का वेताच्या छड्या. आवाज १२० डेसिबलच्या घरात जातो असं सांगतात. दोऱ्या ओढून कातडं ताणायला कधी कधी दोन-तीन माणसं लागतात, आणि त्यांच्या स्पर्धांत नुसत्या जोराला नव्हे, नादाला गुण मिळतात. एकेकाळी हायबेर्नियन या कॅथलिक संघटनेची मंडळीही तो वाजवत. म्हणजे ढोलाला धर्म नव्हता. वाद होता तो रस्त्याचा.

तो वाद ज्या यंत्रणेकडे सोपवला, ती म्हणजे परेड्स कमिशन. पीटर नॉर्थ यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९९७ मध्ये ते आलं, १९९८ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. मिरवणूक काढायची तर २८ दिवस आधी पोलिसांकडे ‘११/१’ क्रमांकाचा अर्ज द्यायचा: मार्ग, वेळ, किती माणसं, कोणते बँड. अंत्ययात्रा आणि नेहमीच्या मार्गाने जाणारी सॅल्व्हेशन आर्मी यांना यातून सूट आहे. कमिशन मिरवणुकीवर बंदी घालू शकत नाही, तो अधिकार मंत्र्याचा. कमिशन फक्त अटी घालतं. वर्षाला हजारो अर्ज येतात आणि बहुतेकांवर कोणी आक्षेपही घेत नाही.

कायद्याने काय तोलायला सांगितलं आहे ते वाचण्यासारखं आहे. दंग्याची शक्यता, लोकांच्या जगण्यात येणारा व्यत्यय, समाजातल्या परस्परसंबंधांवर होणारा परिणाम, आणि त्याच यादीत, अमुक मार्गाने चालत जाण्याची जुनी वहिवाट जपणंही. शेजाऱ्याचं मन आणि आजोबांचा रस्ता एकाच तराजूत. त्या एका ठोक्यात मला हा तराजू स्थिरावलेला दिसला: वहिवाट पायांना दिली, उसंत कानांना. बड्या करारांपेक्षा मला या क्षुल्लक तोडग्याचं कौतुक वाटतं. आणि काळजीही, कारण तो एका पोराच्या मनगटावर टांगलेला आहे.

शिवाय प्रत्येक ठिकाणी असा मधला सूर सापडतोच असं नाही. पोर्टाडाउन गावचे ऑरेंजमन १८०७ पासून ड्रमक्री चर्चला जात आले आहेत. परतीचा गार्व्हाही रोड पुढे कॅथलिक वस्तीचा झाला. १९९६ मध्ये पोलीसप्रमुखांनी मिरवणूक अडवली, प्रांतभर दंगे झाले, आणि काही दिवसांतच त्यांनी निर्णय फिरवून रहिवाशांना बाजूला सारत ती नेली. दांडगाईला फळ मिळतं, हा धडा दोन्ही बाजू शिकल्या. १९९८ मध्ये कमिशनने तो रस्ता नाकारला. ड्रमक्रीवरून पेटलेल्या त्या जुलैत बॅलीमनीमध्ये एका घरावर पेट्रोल बॉम्ब टाकून तीन लहान भावांना जाळण्यात आलं. त्यानंतर गार्व्हाही रोडने मिरवणूक गेलेली नाही. अर्ज मात्र वर्षानुवर्षं येत राहिले.

अडचण अशी की ऑरेंज ऑर्डर अनेक वर्षं कमिशनशी बोलतच नव्हती. त्यांच्या मते आपल्याच रस्त्यावर चालायला परवानगी मागणं हाच अन्याय. अर्ज मात्र पोलिसांकडे द्यायचा असल्याने भरला जाई. २०१० मध्ये कमिशनच्या जागी नवी व्यवस्था आणण्याचा मसुदा निघाला, तोही ऑर्डरने फेटाळला. २०१३ च्या अखेरीस अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड हास यांच्या वाटाघाटी झेंडे, मिरवणुका आणि भूतकाळ या तीन प्रश्नांवर अडून संपल्या.

त्याच २०१३ च्या १२ जुलैला उत्तर बेलफास्टमधल्या अर्डॉइन या कॅथलिक वस्तीच्या दुकानांसमोरून संध्याकाळी परतायला लॉजना मनाई झाली. जवळच्या ट्वॅडेल अव्हेन्यूवर लॉजच्या समर्थकांचा निषेधाचा तंबू पडला आणि तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. बंदोबस्तावर दोन कोटी पौंडांच्या वर खर्च झाला. शेवटी कमिशनने नव्हे, लॉज आणि रहिवाशांच्या एका संघटनेने मध्यस्थांमार्फत तोड काढली. १ ऑक्टोबर २०१६ च्या सकाळी तीन लॉज त्या दुकानांसमोरून एकदाच गेल्या, तंबू निघाला, आणि व्यापक समझोता होईपर्यंत संध्याकाळच्या परतीचा अर्ज करायचा नाही असं ठरलं. सकाळी जायचं, संध्याकाळी वेगळ्या वाटेने घरी. रहिवाशांच्या दुसऱ्या संघटनेने हा करार मानला नाही, आणि त्या सकाळीही तिचे लोक रस्त्याकडेला निषेधाला उभे होते.