एका टक्क्याचे अडुसष्ट हजार

मामेबहिणीने पुण्यात घेतलेला जुना फ्लॅट 62 लाखांना ठरला. वकिलांनी रेडीरेकनर उघडलं. विभाग, मजला आणि इमारतीचं वय धरून हिशोब केला, तर सरकारी किंमत निघाली 68 लाख. मुद्रांक शुल्क दोन्हींतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. इमारतीला लिफ्ट नाही, विकणाऱ्याला घाई आहे, पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, यातलं काहीच तक्त्याला कळत नाही. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून किंमत ठरवून घेता येते, पण तेवढा दम कुणाला? सहा लाखांवरचं जादा शुल्क भरून लोक मोकळे होतात. बरं, हा फरक सौद्याच्या दहा टक्क्यांच्या आत होता. त्यापलीकडे गेला असता, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न मानून आयकरही लागला असता.

त्या दिवसांत 68 हजार हा आकडा सारखा समोर येत राहिला. एक टक्का म्हणजे 68 हजार. पुण्यात मूळ शुल्क पाच टक्के, वर स्थानिक संस्थेचा एक, मेट्रोचा एक, असे सात. मेट्रोत अजून पाऊल न टाकलेल्या माणसालाही तो टक्का चुकत नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का माफ. ही सवलत 2021 पासूनची. आधी तिला शेपूट होतं, असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट 2023 मध्ये गेली. भावोजींचं नाव घालायचं की नाही, यावर घरात फार चर्चा झाली नाही. नावाची किंमत 68 हजार आहे म्हटल्यावर तेच म्हणाले, “राहू दे माझं.” म्हणजे शुल्क 4 लाख 8 हजार. नोंदणी फीसुद्धा एक टक्काच, पण तिला 30 हजारांची कमाल मर्यादा आहे. सहा कोटींचा बंगला घेणाराही तेवढीच भरतो. हे मला आजही पटत नाही.

आणखी एक टक्का टीडीएसचा. 50 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणाऱ्याने तो विकणाऱ्याच्या पैशांतून कापून सरकारकडे भरायचा. हाही आता मोठ्या आकड्यावर. विकणाऱ्या काकांना हे समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. “माझे पैसे तुम्ही का कापता?” हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या पॅनवर ती रक्कम जमा दिसेल, नफ्यावरच्या करात वळती होईल, हे वकिलांनी परत परत सांगितलं.

दुय्यम निबंधक कार्यालयात पूर्वीची स्टॅम्पपेपरची थप्पी आता दिसत नाही. तेलगीच्या बनावट मुद्रांकांनंतर कागदावरचा विश्वास उडाला. आता ऑनलाइन चलन निघतं आणि ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून “डिफेस” होतं. डेटा एंट्री आधीच झालेली असते. बाकावर बसून टोकन यायची वाट पाहायची आणि सर्व्हर चालू राहो म्हणायचं. एजंट पानांवर क्रमांक टाकत असतात, कारण दस्त हाताळणी शुल्क पानामागे मोजतात.

नंबर आल्यावर ऑपरेटरने स्क्रीन आमच्याकडे वळवली. नाव, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ बघून घ्या म्हणाला. बहिणीने चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचलं. मागच्या रांगेची चुळबुळ सुरू झाली. मग फोटो, अंगठे. काकांचा अंगठा यंत्राला उमटेना, तो रुमालाने पुसून पुन्हा टेकवावा लागला. दोन ओळखदारांनी सांगितलं, यांना ओळखतो. साहेबांनी विचारलं, “दस्त मान्य आहे ना? पैसे मिळाले?” काका “हो” म्हणाले. नोंदणी झाली.

त्या टेबलावर काय विचारलं गेलं नाही, ते मात्र पाहण्यासारखं होतं. काका खरोखर मालक आहेत का, फ्लॅटवर कुणाचा दावा आहे का, हे शोधून देण्याची हमी तिथे कुणी घेत नाही. 1908 च्या कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची. साडेचार लाखांच्या आसपास भरून सरकारकडून मिळतो तो अमुक दिवशी अमुक माणसाने अमुक लिहून दिल्याचा पक्का पुरावा. मालकी तपासायचं काम आपलं. म्हणून वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, त्याची फी वेगळी. नोंदणीचा इंडेक्स टू उतारा हातात आल्यावर पेढे वाटणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये बहुधा. पण सर्चचे पैसे वाचवणाऱ्याला नक्की सांगावं.

पुढे सोसायटी. उपविधींप्रमाणे हस्तांतरण फी 500, प्रवेश फी 100, आणि महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त 25 हजार. ही मर्यादा 2001 च्या शासन परिपत्रकाची. सेक्रेटरींनी वर “ऐच्छिक देणगी” लाखभर सांगितली. बहिणीने परिपत्रकाची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाली, ऐच्छिक आहे ना, मग माझी इच्छा नाही. भाग दाखल्याच्या मागे तिचं नाव चढायला कमिटीच्या दोन बैठका गेल्या. महापालिकेच्या मिळकतकरात आणि वीजबिलावर नाव बदलायचे अर्ज तिने त्याच आठवड्यात टाकले. वीजबिल अजून काकांच्या नावाने येतं.