रंग नव्हे, प्रकार पाहा : मोटारीतील कूलंटची ओळख, निवड आणि विल्हेवाट

बंगळुरू शहरात आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सियस असून ही नोंद जानेवारी १८८४ मधील आहे. पाणी गोठावे अशी थंडी या शहरात पडत नाही. साहजिकच, थंड प्रदेशांत गोठणरोधक म्हणून प्रचारात आलेल्या कूलंटची येथे आवश्यकता काय, रेडिएटरमध्ये साधे पाणी घातले तर काय बिघडते, असा प्रश्न अनेक वाहनधारकांना पडतो. या प्रश्नाचे उत्तर थंडीशी नव्हे, तर उष्णता, गंज आणि पाण्याचा कठीणपणा यांच्याशी निगडित आहे. त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न असतो तो इंजिनातून काढलेल्या जुन्या कूलंटचा. ते गटारात ओतले, तर त्याचा प्रवास शहरातील तलावांपर्यंत होतो.

कूलंटचे कार्य

इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने इंजिनाच्या शीतकरण यंत्रणेकडे जाते. इंजिनाभोवतीच्या पोकळ मार्गांतून फिरणारा द्रव ही उष्णता शोषून घेतो आणि रेडिएटरमध्ये हवेला देतो. हा द्रव म्हणजेच कूलंट. त्यात तीन घटक असतात : पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने. ग्लायकॉल बहुतांशी एथिलीन ग्लायकॉल असते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूमध्ये उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांना नव्हे, तर सुमारे ९७ अंशांनाच उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असलेले मिश्रण समुद्रसपाटीला सुमारे १०७ अंशांना उकळते, तर रेडिएटरच्या झाकणामुळे निर्माण होणाऱ्या दाबाखाली ही मर्यादा १२५ अंशांच्याही पुढे जाते. शहरातील वाहतूक कोंडीत तासभर रेंगाळणाऱ्या, अथवा पुण्याकडे निघून खंबाटकी घाट चढणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

गंजरोधक रसायनांचे महत्त्व मात्र याहूनही अधिक आहे. इंजिनात लोखंड, अॅल्युमिनियम आणि काही वाहनांत तांबे व पितळ हे धातू एकाच द्रवाच्या संपर्कात असतात. निव्वळ पाण्यात अशा धातूंची झीज वेगाने होते. रेडिएटर फुटणे, वॉटर पंप निकामी होणे, थर्मोस्टॅट अडकणे या बिघाडांमागे पुष्कळदा हेच कारण असते. ही रसायने काळानुसार खर्ची पडतात. म्हणूनच कूलंटची पातळी योग्य असली, तरी ठरावीक मुदतीनंतर ते बदलावे लागते.

कूलंटचे प्रमाण वाढविल्यास इंजिन अधिक थंड राहील, हा समज चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्याची एथिलीन ग्लायकॉलची क्षमता पाण्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक असते. त्यामुळे शुद्ध ग्लायकॉल भरणे हे निव्वळ पाणी भरण्याइतकेच अयोग्य होय.

गळती कशी ओळखावी

उभ्या वाहनाखाली दिसणारा प्रत्येक ओला डाग चिंतेचा नसतो. वातानुकूलन यंत्रणेतून ठिबकणारे पाणी स्वच्छ, गंधहीन असते आणि वाळल्यावर डाग राहत नाही. कूलंट मात्र बोटाला किंचित बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास येतो आणि वाळल्यावर रंगीत किंवा पांढरट थर उरतो. तपासणी हातमोजे घालून करावी. चव घेऊन खात्री करण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

इंजिनाच्या कप्प्यात अर्धपारदर्शक टाकीवर किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. द्रवाची पातळी इंजिन थंड असताना या दोन खुणांच्या दरम्यान असावी. काच धुण्याच्या पाण्याची टाकी अनेकदा जवळच असते. एकीत दुसरीचे द्रव ओतण्याची चूक टाळण्यासाठी झाकणावरील चिन्ह पाहून घ्यावे.

टाकीतील द्रव तपकिरी व गढूळ झाले असल्यास यंत्रणेत गंज धरल्याचे समजावे. द्रवावर दुधट अथवा तेलकट साय दिसणे, किंवा गरम इंजिनाच्या धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येणे ही हेड गॅस्केट निकामी झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी वाहन चालवीत राहू नये.

इंजिन तापले असता रेडिएटरचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे असते. दाब नाहीसा होताच आतील द्रव क्षणार्धात उकळून बाहेर उसळते आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात. वाहन बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

रंगाचा भरवसा नको

बाजारात हिरवे, निळे, तांबडे, गुलाबी, नारिंगी अशा अनेक रंगांची कूलंट मिळतात. हिरव्यात हिरवे आणि तांबड्यात तांबडे मिसळले की झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र ग्लायकॉल आणि गंजरोधके मुळात रंगहीन असतात. रंग उत्पादक आपल्या पसंतीने मिसळतो आणि त्यासाठी सर्वांना बंधनकारक असा संकेत नाही. दोन कंपन्यांची हिरवी कूलंट रासायनिकदृष्ट्या सर्वस्वी भिन्न असू शकतात.

खरा फरक गंजरोधकांच्या प्रकारात असतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे अकार्बनी क्षार असतात. ते धातूवर लवकर संरक्षक थर तयार करतात, पण साधारणतः दोन वर्षांत खर्ची पडतात. सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंट सुमारे पाच वर्षे टिकते. तिसरा प्रकार या दोहोंच्या संकराचा आहे. युरोपीय उत्पादक संकरित कूलंटमध्ये प्रामुख्याने सिलिकेट वापरतात व फॉस्फेट टाळतात, तर जपानी उत्पादक फॉस्फेट वापरून सिलिकेट वर्ज्य मानतात.

बंगळुरूच्या वाहनधारकांसाठी हा भेद केवळ पुस्तकी नाही. बेळगाव आणि किर्लोस्करवाडी येथे पाळेमुळे असलेल्या किर्लोस्कर समूहाने जपानच्या टोयोटा कंपनीसमवेत १९९७ मध्ये स्थापन केलेल्या उद्योगाचा कारखाना शहरालगतच्या बिडदी येथे आहे, तर पुण्याजवळच्या चाकणमध्ये युरोपीय बनावटीच्या मोटारी तयार होतात. एकाच इमारतीच्या वाहनतळावर या दोन्ही परंपरांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. शेजाऱ्याच्या गाडीला चाललेले कूलंट आपल्या गाडीला चालेलच, असे नाही.

न जुळणारी कूलंट एकत्र आल्यास गंजरोधकांची परिणामकारकता घटते, काही वेळा चिकट गाळ तयार होऊन रेडिएटरच्या अरुंद नळ्या तुंबतात. त्यामुळे वाहनासोबत मिळणारी माहितीपुस्तिका प्रथम पाहावी. त्यात नमूद केलेला प्रकार अथवा मानक डब्यावरील मजकुराशी ताडून घ्यावे. भारतीय मानक आयएस ५७५९, अमेरिकेचे एएसटीएम डी ३३०६ आणि जपानचे जेआयएस के २२३४ ही यासंदर्भातील परिचित मानके होत. डबा मोहोरबंद आहे का, हेही पाहावे. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी कूलंट असते आणि काहींना कमी विद्युतवाहकता असलेले विशेष कूलंट लागते. अशा वाहनांत अन्य कूलंट घालू नये.

पाणी कोणते घालावे

कूलंट दोन स्वरूपांत विकले जाते. तयार मिश्रण थेट ओतायचे असते, तर संहत द्रवात पुस्तिकेतील प्रमाणानुसार पाणी मिसळावे लागते. डब्यावर यांपैकी काय लिहिले आहे, हे न पाहता ओतल्यामुळे मिश्रण फार पातळ किंवा फार दाट होण्याचा संभव असतो.

बंगळुरूच्या अनेक भागांत, विशेषतः उपनगरांत, कूपनलिकेचे अथवा टँकरचे पाणी वापरले जाते. मार्च २०२४ मधील पाणीटंचाईत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंगळुरू जल मंडळाने मनाई केली होती व भंग करणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर केला होता. टंचाईत कूपनलिकांवरील भिस्त अधिकच वाढते. कूपनलिकेच्या कठीण पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. गरम पृष्ठभागावर त्यांचा थर बसतो. फॉस्फेटयुक्त कूलंटमध्ये तर ते फॉस्फेटशी संयोग पावून अधिकच साचतात. पाण्याच्या बंबात किंवा गिझरमध्ये धरणारी पांढरी खरपुडी सर्वांच्या परिचयाची आहे. तीच क्रिया रेडिएटरमध्ये होते. यास्तव मिश्रणासाठी बॅटरीत घालतात तसले ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित पाणीच वापरावे. प्रवासात अडचणीच्या प्रसंगी साधे पाणी घालणे भाग पडल्यास मुक्कामी पोहोचल्यावर संपूर्ण द्रव बदलून घ्यावे.

गोड चव, घातक परिणाम

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. हीच बाब ते धोकादायक ठरण्यास कारणीभूत होते. लहान मुले तसेच कुत्री व मांजरे सांडलेल्या द्रवाकडे आकृष्ट होतात. प्रौढ व्यक्तीसाठी सुमारे १०० मिलिलिटर मात्रा प्राणघातक ठरू शकते. बालकांसाठी आणि लहान प्राण्यांसाठी याहून पुष्कळ कमी. सेवनानंतर प्रथम मद्यपानासारखी लक्षणे दिसतात व काही काळ ती ओसरल्याचा भास होतो. दरम्यान यकृतात त्याचे रूपांतर विषारी आम्लांत होते आणि पुढील एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

या विषावर फोमेपिझोल अथवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेले इथेनॉल तसेच डायलिसिस हे उपचार उपलब्ध आहेत, मात्र ते लवकर सुरू होणे आवश्यक असते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपायांनी उलटी न करविता, रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कूलंटचा डबा सोबत न्यावा.

याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉलचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या रसायनाने दूषित झालेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधातील याच रसायनाने बालकांचे प्राण घेतले. ती प्रकरणे औषधांतील भेसळीची होती. तथापि ग्लायकॉलची गोडी किती फसवी असते, याची ती साक्ष देतात. जुने कूलंट शीतपेयाच्या अथवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय किती घातक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

गटारातून तलावाकडे

बंगळुरू उंचवट्यावर वसलेले शहर आहे. रस्त्यावरचे पावसाचे पाणी येथे राजकालुवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नाल्यांतून खालच्या तलावांकडे वाहते. आग्नेय भागातील प्रवाह बेळ्ळंदूर व वर्तूर तलावांत, तर पश्चिमेकडील प्रवाह वृषभावती नदीत जातो. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूर तलावाच्या परिसरात लागलेल्या आगींमुळे हा जलाशय देशभर चर्चेत आला होता. त्याच्या दुरवस्थेचे मुख्य कारण सांडपाणी हे असले, तरी ग्लायकॉलही अशा पाण्याची हानीच करते.

पाण्यातील जीवाणू ग्लायकॉलचे विघटन करू शकतात, पण त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. एका मध्यम मोटारीतील पाच लिटर मिश्रणात अडीच लिटर ग्लायकॉल धरल्यास त्याच्या संपूर्ण विघटनाला सुमारे साडेतीन किलो प्राणवायू लागतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजेच एका मोटारीचे कूलंट सुमारे साडेचार लाख लिटर पाण्यातील प्राणवायूच्या बरोबरीचा प्राणवायू खर्ची घालू शकते. बारा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे, तर हे सदतीस टँकर पाणी झाले. शिवाय वापरलेल्या कूलंटमध्ये इंजिनातील धातूंचे अंशही उतरलेले असतात.

प्रॉपिलीन ग्लायकॉलवर आधारित कूलंट मनुष्य व प्राण्यांसाठी पुष्कळ कमी विषारी असते. मात्र वजनाच्या तुलनेत त्याच्या विघटनाला एथिलीन ग्लायकॉलपेक्षाही अधिक प्राणवायू लागतो. त्यामुळे ते कमी विषारी असले, तरी गटारात ओतण्यास योग्य ठरत नाही.

जुने कूलंट कोठे द्यावे

सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे कूलंट सेवा केंद्रातच बदलून घेणे आणि काढलेल्या द्रवाचे पुढे काय होते, याची विचारणा करणे. उद्योगांच्या धोकादायक कचऱ्यासाठी २०१६ चे केंद्रीय नियम आहेत आणि परवाने देण्याचे काम कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. तुमकुरु मार्गावरील दाबसपेट येथे अशा कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची सुविधा आहे. १ एप्रिल २०२५ पासून जुन्या, मोडीत काढावयाच्या वाहनांसंबंधीचे नवे केंद्रीय नियमही लागू झाले असून, असे वाहन नोंदणीकृत केंद्राकडे सोपविल्यास त्यातील द्रव पदार्थ मोडणीपूर्वी वेगळे काढले जाणे अपेक्षित असते.

घरी कूलंट बदलणाऱ्यांनी पुढील दक्षता घ्यावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे. द्रव पसरट भांड्यात घेऊन घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरावे आणि त्यावर ‘जुने कूलंट – विषारी’ असे ठळकपणे लिहावे. कॅन मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. इंजिनाचे जुने तेल व कूलंट एकत्र करू नये. तसे केल्यास दोहोंचाही पुनर्वापर अवघड होतो. सांडलेल्या द्रवावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा, पाण्याने नाल्याकडे लोटू नये. गृहसंकुलाच्या तळघरातील मोरीत ते ओतल्यास संकुलाच्याच सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर ताण येतो. भरलेला कॅन जुने कूलंट स्वीकारणाऱ्या सेवा केंद्राकडे द्यावा. नवा डबा खरेदी करतानाच त्याविषयी विचारून ठेवणे सोयीचे ठरते.

गाळणे, शुद्धीकरण आणि नव्या गंजरोधकांची भर या क्रियांनी वापरलेले ग्लायकॉल पुन्हा उपयोगात आणता येते. मात्र त्यासाठी ते गटारात न जाता कॅनमध्ये साठविले जाणे ही पहिली अट आहे आणि ती पूर्ण करणे वाहनधारकाच्याच हाती आहे.