धरून बसलेला सांधा

नागपूरहून निघालेला रस्ता सुमारे ४५ किलोमीटरवर उमरेडला पोहोचतो आणि पुढे भिवापूर, नागभीडकडे जातो. कोळशाचे ट्रक, मिरचीची पोती लादलेले टेम्पो, कऱ्हांडल्याच्या जंगलात पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सी, नोकरीपायी रोज नागपूर गाठणाऱ्यांच्या छोट्या गाड्या, सगळ्यांना हाच रस्ता. नागपूर-नागभीड नॅरोगेज रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेली माणसंही रस्त्यावर आली. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) उमरेड आणि मकरधोकड्याच्या खुल्या खाणींभोवतीचे रस्ते अवजड वाहनांनी दबतात आणि पावसाळ्यात उखडतात. त्याचा हिशेब गाडीच्या पुढच्या चाकांमागे, सहसा कुणी वाकून पाहत नाही अशा जागी, लिहिला जातो.

तिथे लिंबाएवढा एक पोलादी गोळा असतो. गोळ्यातून एक दांडी निघते, गोळा वाटीत बसतो, वाटीभोवती ग्रीस आणि त्यावर रबराचं टोपण. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकाला असा एक सांधा असतो, तो टाय रॉड एंड; चाक धरणाऱ्या नकलच्या खाली लोअर आर्मवर असतो तो बॉल जॉइंट. चाक वळतं, वर-खाली होतं, तरी जागा सोडत नाही, ते या गोळ्यांमुळे. पूर्वी हे काम किंगपिन नावाच्या उभ्या खिळीकडे होतं. फोर्डने १९५४ मध्ये आपल्या मोटारींना पुढे बॉल जॉइंट दिले आणि हळूहळू किंगपिन ट्रक-बसपुरती उरली. जिप्सी मात्र जुन्या घराण्याची. तिला पुढे अखंड अॅक्सल आणि कमानीचे पाटे आहेत, नकल किंगपिनच्या बेअरिंगांवर फिरतो. तरी तिच्याही टाय रॉडच्या टोकांना गोळेच आहेत, आणि जंगलाच्या कच्च्या वाटांवर आधी तेच बोलू लागतात.

उमरेडच्या हवेत या सांध्याचं आयुष्य कमी होतं त्याला साधी कारणं आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. मग पावसाळा येतो. काळी कन्हार माती चिखल होऊन चिकटते, वाळली तरी ओल धरून राहते, आणि चिरेतून पाणी नि कोळशाची बारीक धूळ आत शिरते. ग्रीसची खरवडणारी लापशी होते, गोळा वाटीत सैल होतो आणि खड्ड्यातून जाताना खालून कटकट ऐकू येते.

आवाज नेमका कुठला, हे आधी ठरवावं. चाक उचलून, गाडी स्टँडवर टेकवून चाकाच्या डाव्या-उजव्या कडा धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर संशय टाय रॉडवर. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावं. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर सांध्याचा. एवढ्या तपासणीला जॅक, स्टँड आणि घरचा एक माणूस पुरतो. ती न करता सुटे भाग बदलत सुटणं मला पैशाची नासाडी वाटते.

खरी लढाई सांधा सोडवताना होते. नट निघतो, पण दांडी हलत नाही. घरी काम करणारा इथे चिडतो आणि हातोडा भलत्याच जागी बसतो. म्हणून ती दांडी धरून का बसते हे नीट समजून घ्यायला हवं.

दांडी सरळ गोल नसते, निमुळती असते, आणि ज्या भोकात ती बसते तेही तितकंच निमुळतं. पुष्कळ गाड्यांत हा उतार दहास एक असतो: दहा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे प्रत्येक बाजू मध्यरेषेशी तीन अंशांहूनही कमी कोन करते. पोलादावर पोलाद घसरायला साधारण आठ-साडेआठ अंशांचा उतार लागतो. तीन अंशांवर बसलेली दांडी आपणहून घसरणं शक्यच नाही. नट नसला तरी ती धरून राहते. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर याच न्यायाने टिकते.

आता नटाचा विचार करू. बारा मिलिमीटरच्या आट्यांवर ४० न्यूटन-मीटर एवढा पीळ दिला तर दांडी दीड टनाहून अधिक ओढीने भोकात खेचली जाते. उतार इतका थोडा, की भोकाच्या भिंतींवरचा दाब त्या ओढीच्या पाचपटीच्या आसपास जातो. हिशेबाने पाहिलं तर नवी दांडी उलट बाजूने ढकलून काढायला ओढीच्या निम्मं बळ पुरावं. पण वर्षानुवर्षांचे खड्डे तिला आणखी आत बसवत जातात, फटीत ओल शिरते आणि गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. सांध्याला फुगायला वाव नसतो, म्हणून तो अजून घट्ट होतो. या हट्टावर राग धरू नये. भरधाव वेगात स्टिअरिंग हातात राहतं ते याच धरून बसण्यामुळे.

सोडवण्याची रीत या हिशेबातूनच निघते. दांडीच्या टोकावर घाव घातला तर आटे चेपतात, टोक पसरतं आणि पुढे ती भोकातून जाईनाशी होते. घाव बसायला हवा भोकाभोवतीच्या जाड कड्यावर, आडवा. त्या घावाने गोल भोक क्षणभर लंबगोल होतं, भिंतींची पकड सुटते आणि दांडी खाली पडते. कड्याच्या एका बाजूला जड घन टेकवून धरावा आणि समोरून दुसऱ्या हातोड्याने ठोकावं, म्हणजे घावाचं बळ वाया जात नाही. नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवायचा. आटे वाचतात आणि सांधा अचानक सुटला तरी लोअर आर्म अंगावर येत नाही.

पुलर मिळाला तर काम आणखी सोपं. त्याचे दोन जबडे कडं आणि दांडीचं टोक यांत बसवून स्क्रू ताणायचा, आणि ताण पुरेसा आला की कड्यावर बाजूने ठोकायचं. ताण आणि धक्का एकत्र आले की बंदुकीसारखा आवाज होऊन सांधा सुटतो, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. दोन दात्यांचा फोर्क आत घुसवून ठोकण्याची पद्धतही चालते, पण ती रबराचं टोपण फाडते. सांधा टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच ती वापरावी. नकल अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडा बाजूलाच ठेवावा, फक्त पुलर लावावा. गॅसची ज्योत तर घरी मुळीच नको: रबर जळतं, आतलं ग्रीस पेटू शकतं आणि ब्रेकचा पाइप वीतभर अंतरावर असतो.

कधी उलटच अडचण येते. नट फिरवावा तर दांडीच सोबत फिरते. अशा वेळी गोळ्याच्या बाजूने जॅक लावून दांडी भोकात दाबून धरावी. निमुळता भाग पुन्हा पकडतो आणि नट सुटतो. नटाला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, आटे तारेच्या ब्रशने घासावेत आणि सहा कोपऱ्यांचा गोटी पाना वापरावा. बारा कोपऱ्यांचा पाना गंजलेल्या नटाच्या कडा गोल करून टाकतो.

मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या बॉल जॉइंटला असा निमुळता भागच नसतो. दांडी नकलच्या चिरलेल्या पकडीत बसते आणि एक आडवा बोल्ट ती पकड आवळतो. इथे फसगत अशी होते, की बोल्ट सैल केला तरी दांडी निघत नाही. तो बोल्ट दांडीवरच्या खाचेतून जात असतो, त्यामुळे तो पूर्ण उपसून काढावा लागतो. मग चिरेत छिन्नी हलकेच घालून पकड किंचित उघडायची. जोर केला तर नकल तडकतो, आणि सांध्याच्या कितीतरी पट खर्च होतो.

घरी कुठे थांबावं, हेही इथे लिहायलाच हवं. ज्या गाड्यांना पुढे वर-खाली दोन आर्म आणि मधे कॉइल स्प्रिंग असते, तिथे बॉल जॉइंट सुटला की दबलेली स्प्रिंग मोकळी होते आणि जवळच्या माणसाचा जीव घेऊ शकते. ते काम जाणत्या गॅरेजलाच द्यावं. सांध्याभोवतीचं भोक झिजून मोठं झालं असेल तर नवा बॉल जॉइंट बसवून उपयोग नाही, नकलच बदलावा लागतो. आणि गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली शिरू नये. विटांच्या चवडीवर तर ती कधीच टेकवू नये, वीट न सांगता फुटते. काढलेलं चाक आडवं करून दरवाज्याच्या खाली सारून ठेवलं, की स्टँडवर आणखी एक भरवसा राहतो.

जुना टाय रॉड एंड काढण्याआधी त्याचे उघडे आटे मोजावेत, चेकनटाच्या जागी रंगाची खूण करावी आणि काढताना किती फेरे झाले ते लिहून ठेवावं. नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवला तर गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत बिनधोक जाते. दुकानात मात्र जावंच लागतं. चाकाची दिशा जराशी चुकली तरी टायर एका कडेने झिजतो.

नवी दांडी बसवताना भोक फडक्याने कोरडं पुसावं. तिथे तेल-ग्रीस लावायचा मोह होतो, पण ते लावल्यावर त्याच पिळाने दांडी गरजेपेक्षा जास्त आत ओढली जाते. स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट किंचित आवळून पुढची खाच गाठावी, मागे सैल करून जुळवू नये. नायलॉनचा नट असेल तर जुना टाकून नवाच घ्यावा. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना, आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि पुढच्या पावसाळ्याआधीच फाटतं.

सगळे नट आवळून झाले, की प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी, नटावरून थेट शेजारच्या लोखंडावर. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहावं. रेघ सरळ असेल तर नट जागचा हलला नाही. तुटलेली दिसली तर त्याच दिवशी पाना काढावा.