पळालेला माणूस मागे फिरला

वरोऱ्याला पाऊस पडत होता. मैल्याची पाटी घेऊन एक वकील चालले होते. नाव मुरलीधर देवीदास आमटे. सफाई कामगारांचे कष्ट काय असतात हे कळावे म्हणून त्यांनी ते काम स्वतः अंगावर घेतले होते. वाटेत गटाराच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे दिसले. गाठोडे हलले. तो माणूस होता! कुष्ठरोगाने बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. त्याचे नाव तुळशीराम.

आमटे घाबरले आणि घराकडे पळाले.

वाचकहो, हे साधे भित्रे गृहस्थ नव्हते. एका मुलीच्या अब्रूसाठी ते गोऱ्या सोजिरांशी झुंजले होते. गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले होते. असा माणूसही भ्याला! त्यांना स्वतःची लाज वाटली, पण ते लाजेत बुडून बसले नाहीत. ते मागे फिरले. तुळशीरामाला भरवले, पावसाला आडोसा म्हणून बांबूचे छप्पर उभारले. तो फार दिवस जगला नाही. पण आमटे 1949 साली कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शिक्षण घेऊन आले, आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. रोग्यांनीच तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली. पळाल्याची ही गोष्ट बाबांनी पुढे स्वतःच जगाला सांगितली.

आपल्याही गावात कुणी कर्जात बुडतो, कुणाला दारू लागते, कुणाच्या घरी वेडसर मूल असते. आपण त्या दारावरून मान खाली घालून जातो. आपले काळीज दगडाचे असते असे नाही. काय बोलावे, काय करावे, याची धास्ती असते. धास्ती वाटणे हे माणसाचेच लक्षण आहे. त्यासाठी स्वतःला कोसू नका. फक्त मागे फिरा. ओसरीवर घटकाभर बसा, त्याचे ऐकून घ्या, घोटभर चहा घ्या. उपदेश राहू द्या.

आणि एक लक्षात ठेवा. कुष्ठरोग अजून संपलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतले की रोग बरा होतो. लवकर गेले तर हातपाय वाचतात. त्या माणसाचे ताट वेगळे काढण्याची मुळीच गरज नाही.

त्याला पंगतीतच बसवा.