रोज दहा मिनिटं, एक वही, एक पेन : चित्र काढायची सवय लागते कशी?

खटाव तालुका : मागच्या वर्षी मे महिन्यात आईचे डोळे दाखवायला मुंबईला गेलो होतो. मुक्काम ताईकडं, वाकोल्याला. सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला चालत गेलं की वाकोला येतं. पावसाळ्यात बातम्यांत "सांताक्रूझला इतके मिलिमीटर" असं आपण ऐकतो ना, तोच हा परिसर. डोक्यावरनं सारखी विमानं जातात आणि वस्तीच्या कडेनं वाकोला नाला वाहतो, तो पुढं मिठी नदीला मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्याकडं दीड-दोन वर्षांत मिळून पडत नाही एवढा.

डॉक्टरांनी आईला काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंब टाकून सांभाळायची, एवढंच आपल्या हातात. त्या रात्री मला झोप लागेना. नेहमीसारखा मोबाईल काढला आणि अंगठा वर सरकवत बसलो. शेजारी बारावीतला भाचा मांडीवर वही घेऊन खिडकीतली तुळस काढत होता. दहा-पंधरा मिनिटांनी त्यानं खाली तारीख टाकली, वही मिटली आणि झोपला. मी दीड वाजेपर्यंत जागा.

सकाळी ती वही मागून घेतली. आत तुळस, ताईचा स्टोव्ह, जिन्यातलं मांजर, पत्र्यावर बसलेला कावळा. मागच्या पावसाळ्यातली पानंच्या पानं नाल्याची. पुलाचा एकच खांब, आणि रोज पाणी कुठवर आलं त्याची रेघ. मी म्हणलं, "तू चित्रकार व्हायचं ठरवलंयस का?" तर म्हणतो, "नाही मामा. निम्मी चित्रं बिघडलेलीच आहेत. पण काढलं नाही तर मी नीट बघतच नाही."

हे शेवटचं वाक्य डोक्यात बसलं. गेलं वर्षभर मी रोज, म्हणजे जवळजवळ रोज, काहीतरी काढतोय. हात अजून वेडावाकडाच आहे. पण सवय लागली. ती कशी लागली आणि शेतकरी माणसाला तिचा काय उपयोग, ते सांगतो.

एकट्यानं नाही, जोडीनं

त्या रविवारी भाचा मला त्याच्या मित्रांबरोबर महाराष्ट्र निसर्ग उद्यानात घेऊन गेला. हे उद्यान धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर आहे. सुमारे ३७ एकर जागा. कधीकाळी इथं मुंबईचा कचरा टाकायचे. कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आता आत शिरलं की मुंबईत आहोत असं वाटत नाही.

ही पाच-सहा पोरं तिकीट काढून आत गेली, आपापलं झाड धरून तासभर गप बसली. नंतर सगळ्यांनी वह्या उघड्या करून जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि एकमेकांची चित्रं बघितली. कुणी कुणाला हसलं नाही. मी पिंपळाचं पान काढलं होतं ते जास्वंदीसारखं दिसत होतं. तेही ओळीत ठेवायला लावलं.

ही पद्धत जगभर चालते. गॅब्रिएल कॅम्पानारिओ नावाचा अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला पत्रकार. त्यानं २००७ साली अशी चित्रं काढणाऱ्यांना इंटरनेटवर एकत्र केलं, त्यातनं 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ उभी राहिली. नियम साधा : फोटो बघून काढायचं नाही, जागेवर बसून डोळ्यांनी दिसतं ते काढायचं, आणि एकमेकांना दाखवायचं. मुंबईतही त्यांची मंडळी जमतात.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. भजनी मंडळात आवाज चांगला नसलेला माणूसही वर्षानुवर्षं टाळ वाजवतो. का? तर बाकीचे वाट बघत असतात म्हणून. एकट्यानं केलेला नेम मोडतो, चौघांत केलेला टिकतो. चित्राचंही तेच आहे.

सवय लागायला किती दिवस?

"२१ दिवसांत सवय लागते" असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं. कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवसांपर्यंत. आणि एक महत्त्वाची गोष्ट : मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फार फरक पडला नाही.

हे मला फार उपयोगी पडलं. कारण माझी सवय पहिल्यांदा अकराव्या दिवशी मोडली. पेरणीची घाई होती, तीन दिवस वही उघडली नाही. मग वाटलं, आता काय राहिलं, द्या सोडून. माणूस चुकलेल्या दिवसामुळं हरत नाही, या "द्या सोडून"मुळं हरतो. चौथ्या दिवशी परत बसलो. दिवाळीच्या आसपास कधीतरी लक्षात आलं की आता वही आठवावी लागत नाही, हात आपणच जातो.

तीन गोष्टी पाळल्या :

१) वेळ ठरवली नाही, काम ठरवलं. "सकाळी साडेसहाला" म्हणलं की लाईट, मोटर, पाहुणे यात ते बुडतं. मी ठरवलं, धार काढून झाली की चहा होईपर्यंत. म्हशी काय सुट्टी घेत नाहीत, त्यामुळं चित्राचीही सुट्टी नाही.

२) माप लहान ठेवलं. दहा मिनिटं. फारच कंटाळा आला तर एक पान, एक दगड. पण तारीख टाकायचीच.

३) वही दिसेल अशी ठेवली. दुधाच्या किटलीजवळच्या खुंटीला पिशवी, पिशवीत वही-पेन. कपाटात ठेवलेली वही उघडली जात नाही.

आपल्या तालुक्यातच याचं उदाहरण आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला हे आपल्याला माहीत आहे. पण ते स्वतः चित्रकारही होते. औंधच्या डोंगरावरचं संग्रहालय त्यांनी १९३८ साली उभं केलं. व्यायाम असो की चित्र, त्यांनी दोन्हीला रोजच्या नेमाची गोष्ट मानलं. दुसरं नाव डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांचं. वारली चित्रं पूर्वी बायका लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायच्या. मशे यांनी लग्नाची वाट न बघता रोज काढायला सुरुवात केली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सामान काय लागतं?

रेघा नसलेली कोरी वही आणि साधा बॉलपेन. बस्स. रंग, ब्रश, महागडा कागद सुरुवातीला आणूच नका. आणला की वाटतं, एवढ्या चांगल्या कागदावर घाण कशाला करायची, आणि तो तसाच राहतो. खोडरबरही नको. चुकलेली रेघ राहू द्या, शेजारी दुसरी मारा.

बसायचं कसं, तेही सांगतो. कागदाकडं कमी आणि वस्तूकडं जास्त बघा. पानाच्या कडेवरनं मुंगी चाललीय असं समजा आणि ती जशी जाईल तसा पेन सावकाश न्या. मोठं झाड काढायचं असेल तर हात सरळ ताणून पेन उभा धरा, एक डोळा मिटा आणि बुंधा किती पेनाएवढा, शेंडा किती, ते मोजा. फांद्या जमत नसतील तर फांद्यांमधनं दिसणारे आभाळाचे तुकडे काढा, फांद्या आपोआप येतात.

सुरुवात न हलणाऱ्यापासनं करा : कांदा, विळा, दगड, पळसाचं पान. मग रवंथ करत बसलेली शेळी. पाखरं सगळ्यात शेवटी. मायणीच्या तलावावर रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात तेव्हा गेलो होतो. पहिल्या दिवशी नुसते वाकडे दोन आकडे झाले. पण चोच उलटी करून तो पाण्यात चरतो, हे मला पन्नाशीकडं झुकताना पहिल्यांदा दिसलं.

चित्राशेजारी चार गोष्टी लिहाच : तारीख, वेळ, जागा, हवा. पुढं त्याचंच सोनं होतं.

मक्याचा पोंगा आणि चार ठिपके

आता उपयोगाचं. ऑगस्टमध्ये मक्याच्या पानांवर पांढुरके चट्टे दिसले. नेहमीच्या घाईत असतो तर "अळी आहे" म्हणून दुकानात जाऊन मिळेल ते औषध आणलं असतं. पण सवयीनं बांधावर बसलो आणि एक अळी पानासकट काढायला लागलो. काढताना डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं लिहिल्यासारखी खूण दिसली. शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा.

वहीचं पान कृषी सहाय्यकांना दाखवलं. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, अमेरिकन लष्करी अळी. ही कीड भारतात २०१८ साली पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. ओळखायच्या खुणा त्याच : उलटा वाय आणि चार ठिपके. अळी लहान असतानाच कळलं म्हणून अंड्यांचे पुंजके वेचता आले, कामगंध सापळे लावता आले, आणि फवारणी सांगितली तेवढीच केली. सगळा मका वाचला असं म्हणणार नाही, पण चुकीच्या औषधाचे पैसे वाचले. फोटोही काढता आला असता की. पण फोटो काढताना माणूस ठिपके मोजत नाही.

आईची नावं

दुसरा उपयोग मी धरून चाललो नव्हतो. बांधावरची गवतं काढायला लागलो आणि कळलं की मला त्यांची नावंच माहीत नाहीत. हराळी, गाजरगवत, आघाडा संपला की माझी यादी संपली. आईला लांबचं आता धूसर दिसतं. म्हणून झाडोरा उपटून तिच्या हातात द्यायचा. ती पान चुरगाळून वास घेते, देठ बोटानं चाचपते आणि सांगते, "आरं, ही दुधाणी. हा टाकळा. ही कुर्डू, हिची भाजी करायची आम्ही दुष्काळात." मी चित्राखाली नाव लिहितो, भाजी कशी करायची तेही लिहितो.

आतापर्यंत ४३ झाली. माझ्या आठवीतल्या मुलीला त्यातली सहा माहीत होती. मारुती चितमपल्ली यांनी जंगलात नोकरी करताना पक्ष्यांची, झाडांची नावं तिथल्या लोकांना विचारून आयुष्यभर टिपून ठेवली, म्हणून ती आज पुस्तकात आहेत. आपल्या बांधावरची कोण टिपणार? आईच्या डोळ्यात थेंब टाकायचे दिवसातनं दोनदा. त्यातला सकाळचा थेंब झाला की एक रोपटं, असा आमचा नेम झालाय.

गावात चौघं जमवा

आमच्याकडं आता सात जण आहेत : तीन शाळेची पोरं, एक निवृत्त गुरुजी, एक टेलर, माझी मुलगी आणि मी. रविवारी सकाळी पारावर जमतो. नियम थोडे :

वह्या सगळ्यांच्या उघड्या, लपवाछपवी नाही.
"लई भारी" किंवा "काय हे" असं म्हणायचं नाही. काय दिसलं ते सांगायचं.
मोबाईलवरनं बघून काढायचं नाही. ग्रुपवर रोज आपलं एक चित्र टाकायचं, गुड मॉर्निंग टाकायचं नाही.
माणसाचं चित्र काढायचं तर आधी विचारायचं. पाणवठ्यावर बायाबापड्या असतील तिथं वही काढायची नाही.
पावसाळ्यात गवतात बसताना आधी काठी आपटायची.

पोरांना आणखी एक फायदा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शाळेतनं देता येतात, आणि दोन्ही पास झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. शाळेत चौकशी करा. पण गुणांसाठी म्हणून सुरुवात करू नका, परीक्षा झाली की वही बंद होते.

भाच्याला दर रविवारी आमच्या पारावरचा फोटो पाठवतो. तो वाकोल्याचा नाला पाठवतो. परवा त्यानं विचारलं, "मामा, आता झोप लागते का?" लागते. रोज नाही, पण वही मिटल्यावर मोबाईल घ्यावासा वाटत नाही, एवढं खरं.

आज पोराच्या दप्तरातनं जुन्या वहीची चार कोरी पानं काढा. उद्या चहा होईपर्यंत दारातलं जे पहिलं दिसेल ते काढा. बिघडलं तरी खाली तारीख टाका. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला नाव विचारून घ्या.