हिरवळ प्लास्टिकची, लाड मात्र खऱ्याचे!

म्हैसूरच्या गोकुलम, विजयनगर, कुवेंपुनगर भागांत बंगल्यांच्या अंगणात आणि गच्चीवर आता कृत्रिम हिरवळ दिसू लागली आहे. माळी नको, कापणी नको, रोजचं पाणी नको, म्हणून लोक ती हौसेने घालतात आणि मग तिच्याकडे बघतही नाहीत. हे गवत वाळत नाही हे खरं, पण ते दबतं, तापतं, जळतं आणि जोडावर उसवतं. बरं हे की यातल्या बहुतेक दुखण्यांवर घरीच इलाज होतो.

आधी जन्मकथा. १९६५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोडोम हे छत असलेलं भव्य स्टेडियम उघडलं. आत खरं गवत होतं आणि वर पारदर्शक तक्तपोशी. त्या लखलखाटात खेळाडूंना उंच उडालेला चेंडूच दिसेना, म्हणून छत रंगवलं. ऊन बंद झालं आणि गवत मेलं! १९६६ मध्ये तिथे मॉन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं गेलं आणि स्टेडियमवरून त्याला अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव मिळालं.

आपल्याला ते महागात पडलं. १९७५ मध्ये भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला तो खऱ्या गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपण थेट सातवे आलो. १९८०च्या मॉस्कोत मात्र त्याच प्लास्टिकवर सुवर्ण मिळवलं. त्या संघात म्हैसूरच्या शेजारच्या कोडगूचे एम. एम. सोमय्या होते आणि मुंबईचे मर्विन फर्नांडिसही. आणखी एक गोड गोष्ट: २०२४ला पॅरिसमध्ये आपण कांस्य जिंकलं, त्या मैदानाचं पातं ८० टक्के उसापासून केलेल्या प्लास्टिकचं होतं. मंड्याच्या आणि कोल्हापूरच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

अनवाणी जरा जपून. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात एका प्रशिक्षकाच्या तळपायांना बूट घातलेले असताना फोड आले. संशोधकांनी मैदानाचं तापमान मोजलं. हवा ३७ अंश सेल्सियस असताना कृत्रिम गवत ९३ अंशांपर्यंत गेलं होतं. पाणी मारल्यावर ७९ अंशांवरून २९वर उतरलं, पण पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत पुन्हा ७३! म्हैसूरची हवा त्यामानाने सौम्य, तरी एप्रिलच्या दुपारी लहान मुलांना यावर अनवाणी सोडू नका. खरा उपाय सावलीचा. वर शेडनेट ताणा, नाहीतर मुलांना संध्याकाळी खेळू द्या.

काचही गवत जाळते. ऊन परतवणाऱ्या नव्या खिडक्यांवरून किरण एकवटून गवतावर पडले की तिथे पाती आखडतात आणि वितळल्यासारखा पट्टा उमटतो. असा पट्टा दिसला तर आधी दुपारची तिरीप कुठून येते ते शोधा. खिडकीला बाहेरून जाळी लावा, मगच ठिगळाचं बघा. नाहीतर नवं ठिगळही जळेल.

गुलमोहराचा त्रास. म्हैसूरचे रस्ते गुलमोहराने सुरेख दिसतात, पण त्याची चिमुकली पानं पात्यांच्या मुळाशी जाऊन बसतात, कुजतात आणि निचऱ्याची भोकं बुजवतात. मग मे महिन्यातल्या वळवाचं किंवा ऑक्टोबरच्या पावसाचं पाणी गच्चीवर तुंबतं. कडक प्लास्टिक केसांचा झाडू घ्या आणि पाती ज्या बाजूला झुकली असतील त्याच्या उलट दिशेने झाडा. कचरा निघतो आणि दबलेली पातीही उभी राहतात. लोखंडी दाताळं अजिबात नको, ते टाके उपसतं. कुत्रा असेल तर पाणी रोज मारा आणि वास राहिलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून शिंपडा. च्युइंगम चिकटलं तर त्यावर बर्फ धरा, कडक झालं की ते सुटून येतं.

आणि दिवाळी! फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या घरात असते, तर पॉलिथिलीनचं पातं सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून दिवाळीनंतर अंगणात काळे, कडक ठिपके दिसतात. तेवढ्यासाठी अख्खी हिरवळ बदलायला निघणारे लोक आहेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. जळका भाग चौकोनी कापायचा. गवत कडेने उचलता आलं तर उलटं करा. पाठीवर टाक्यांच्या सरळ ओळी दिसतील. कटर दोन ओळींच्या मधून चालवा, टाक्यावरून नाही. तो तुकडा साचा म्हणून वापरा आणि उरलेल्या गवतातून तेवढाच नवा तुकडा काढा. पात्यांचा कल मात्र आजूबाजूच्या गवतासारखाच हवा. उलटा बसला तर रंग वेगळा वाटतो आणि ठिगळ लांबूनही ओळखू येतं. खाली जोडपट्टी ठेवून तिला पॉलियुरेथेनचा गोंद लावा. पाती गोंदात अडकू न देता तुकडा दाबा, त्यावर फळी आणि विटा ठेवा आणि एक दिवस तिकडे फिरकू नका. मग जोडावर झाडू फिरवा. गवतात वाळू भरलेली असेल तर कोरडी सिलिका वाळू पेरा. बांधकामाची नको, तिच्यातली बारीक माती भोकांत बसते.

आता एक युक्ती. जपून ठेवलेला तुकडा उन्हात नसल्यामुळे अंगणातल्या गवतापेक्षा जास्त हिरवा असतो. तो थेट मधोमध लावला तर डोळ्यांत भरतो. म्हणून मधल्या जागेसाठी तुकडा अंगणाच्याच एखाद्या नजरेआडच्या कोपऱ्यातून कापा, उन्हाने त्याचा रंगही तितकाच उतरलेला असतो. नवा करकरीत तुकडा त्या कोपऱ्यात बसवा आणि पुढे कुंडी सरकवा.