चारशेचा वेग, सत्तरचा रस्ता

पेडणे तालुक्यातील मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये विमाने उडू लागली आणि पुढे धारगळपासून विमानतळापर्यंत सहापदरी उन्नत जोडरस्ता झाला, त्यामुळे गोव्याच्या या उत्तर टोकाला अतिवेगवान मोटारीच्या मालकाला मोह पडावा असा एक रस्ता उपलब्ध झाला आहे. त्याची लांबी सुमारे सात किलोमीटर आहे. बुगाटी वेरॉन ही मोटार ताशी 407 किलोमीटर या आपल्या कमाल वेगाने धावली, तर हे अंतर ती एका मिनिटात जवळजवळ संपवील. शेजारच्या डिचोलीत असा मोह होण्याचेही कारण नाही, कारण मये, साखळी या बाजूंचे रस्ते वळणावळणाचे आहेत आणि खनिजवाहू ट्रकांच्या वेगाविषयीचे गाऱ्हाणे तेथे जुनेच आहे. अशी मोटार या दोन तालुक्यांत कायद्याने आणता येईल का, ती कितीला पडेल आणि तिच्या शक्तीतील किती हिस्सा येथे उपयोगी पडेल, हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत.

वेगाचे गणित प्रथम पाहणे सोयीचे ठरेल. मोटार जसजशी वेग घेते तसतसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायचा, तर शक्ती आठपट हवी. 2005 मध्ये बाजारात आलेल्या वेरॉनला आठ लिटर क्षमतेचे, सोळा सिलिंडरांचे आणि चार टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारे पंखे, बसवलेले इंजिन होते आणि त्यातून 1001 अश्वशक्ती मिळे. 2010 मध्ये तिच्या सुपर स्पोर्ट या आवृत्तीने ताशी 431 किलोमीटरांचा विक्रम केला. केवळ 24 किलोमीटरांच्या या वाढीसाठी अभियंत्यांना शक्ती 1200 अश्वशक्तीपर्यंत न्यावी लागली आणि घनाचा नियम लावून पाहिल्यास उत्तर जवळपास तेवढेच येते. त्यानंतरच्या शिरॉन या मोटारीची खास तयार केलेली गाडी ऑगस्ट 2019 मध्ये जर्मनीतील एरा-लेसीन येथील चाचणीमार्गावर ताशी 490 किलोमीटरांपर्यंत गेली, पण तिला त्या हिशेबाने लागली असती त्यापेक्षा कमी, म्हणजे सुमारे 1600 अश्वशक्ती पुरली, कारण तिचा मागचा भाग लांबवून हवेचा विरोध घटवला होता. या चाचणीमार्गाचा सरळ पट्टाच जवळजवळ नऊ किलोमीटरांचा आहे. मोपाचा जोडरस्ता त्याहून आखूड भरतो. कमाल वेगाने धावताना वेरॉनची शंभर लिटरांची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते, हे लक्षात घेतले म्हणजे तो वेग वापरासाठी नसून मुख्यतः सांगण्यासाठीच असतो असे म्हणावे लागते.

अशी मोटार मुळातच महाग असते, आणि भारतात येताना तिची किंमत जवळजवळ तिप्पट होते. 40 हजार डॉलरांहून अधिक मूल्याच्या, परदेशात पूर्ण बांधून आलेल्या मोटारीवर फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पाने 70 टक्के मूळ सीमाशुल्क आणि 40 टक्के अधिभार, असा एकूण 110 टक्क्यांचा बोजा ठेवला; त्याआधी शीर्षके निराळी होती, बेरीज मात्र हीच होती. या वाढीव रकमेवर सप्टेंबर 2025 पासून मोठ्या पेट्रोल मोटारींना 40 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. बंदरात एक कोटीला उतरलेली गाडी सीमाशुल्कानंतर दोन कोटी दहा लाखांची आणि करानंतर दोन कोटी 94 लाखांची होते. विक्रेत्याचा नफा, विमा आणि नोंदणी यांचा खर्च त्यानंतरचा. बुगाटीने 2010 मध्ये वेरॉन भारतात 16 कोटी रुपयांना देऊ केली होती, तर 1015 अश्वशक्तीची लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो डिसेंबर 2023 मध्ये 8 कोटी 89 लाखांना येथे दाखल झाली.

या दोन गाड्यांत किमतीहून महत्त्वाचा फरक सुकाणूचा आहे. वेरॉन आणि शिरॉन केवळ डाव्या सुकाणूच्या बनल्या, आणि परकीय व्यापाराचे भारतीय नियम आयात होणाऱ्या नव्या मोटारीचे सुकाणू उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरांत असावा आणि पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा, अशी अट घालतात. गंमत अशी की मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 नुसार योग्य इशारायंत्र बसवले असल्यास डाव्या सुकाणूची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येते; म्हणजे रस्त्याचा कायदा जिला वाट देतो, तिला बंदराचा नियम अडवतो. गोव्याला या गोष्टीचा एक जुना संदर्भ आहे: पोर्तुगालने 1928 मध्ये आपली वाहतूक उजवीकडे वळवली, पण गोव्याची वाहतूक शेजारच्या ब्रिटिश मुलखाप्रमाणे डावीकडूनच चालू राहिली, त्यामुळे मुक्तीनंतर या बाबतीत काही बदलावे लागले नाही. डाव्या सुकाणूची परदेशी गाडी येथे आणण्याची एक वाट उरते ती ‘कार्ने’ या सीमाशुल्क हमीपत्राची. पर्यटक म्हणून गाडी ठरावीक मुदतीसाठी आणायची आणि मुदत संपताच परत न्यायची. तिला भारतीय नोंदणी क्रमांक मात्र त्यातून मिळत नाही.

नोंदणीचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण खरी मेख तेथेच आहे. रस्ता कर हा राज्यांचा विषय असल्याने तो राज्यागणिक बदलतो. महाराष्ट्रात आयात मोटारीवर वीस टक्के कर असला तरी त्याला कमाल मर्यादा आहे. ती जुलै 2025 पर्यंत वीस लाखांची होती आणि आता तीस लाखांची आहे. जानेवारी 2022 मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने 13 कोटी 14 लाखांची रोल्स-रॉइस मुंबईच्या ताडदेव कार्यालयात नोंदवली, तेव्हा एकरकमी कर भरला गेला वीस लाख, म्हणजे किमतीच्या दीड टक्के, तर आठ लाखांची पेट्रोल मोटार घेणाऱ्याला त्याच राज्यात अकरा टक्के मोजावे लागत होते. कराच्या तत्त्वाशी हे कसे जुळते, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

राज्याराज्यांतील अशा फरकामुळे गाडी एकीकडे नोंदवायची आणि फिरवायची दुसरीकडे, ही चाल रूढ झाली. पेडण्याचा क्रमांक जीए-11 आणि डिचोलीचा जीए-04 असला, तरी पत्रादेवी आणि दोडामार्ग या दोन्ही नाक्यांवरून एमएच क्रमांकाच्या गाड्यांची ये-जा अखंड चालते आणि तीत गैर काहीच नाही. मात्र परराज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवले, तर कायद्याच्या कलम 47 प्रमाणे त्याला नवा क्रमांक घ्यावाच लागतो. सीमेवरच्या तालुक्यात गाडी बारा महिने सलग येथेच होती हे सिद्ध करणे किती अवघड असेल, ते उघड आहे.

रस्त्यावर आल्यावर या मोटारीला सर्वसामान्य नियमच लागू होतात. केंद्राने एप्रिल 2018 मध्ये काढलेल्या अधिसूचनेत मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 आणि इतर रस्त्यांवर 70 किलोमीटर अशी कमाल मर्यादा ठरवली होती आणि राज्यांना ती आणखी कमी करता येते. ती मोडल्यास हलक्या वाहनाला दंड एक ते दोन हजार रुपये; मोटार नऊ कोटींची असली तरी तेवढाच.

गतिरोधक दंडापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची दहा सेंटीमीटर आणि रुंदी 3.7 मीटर हवी, म्हणजे चढ इतका मंद की गाडीची पुढची आणि मागची चाके एकाच वेळी त्यावर राहतील. वेरॉनचे पोट एरवी जमिनीपासून साडेबारा सेंटीमीटर असते, तेव्हा असा गतिरोधक ती सावकाश ओलांडू शकेल. परंतु गावोगाव दिसणारा आखूड, उभा गतिरोधक दोन चाकांच्या मधोमध आला, तर उरते अडीच सेंटीमीटरांची फट. कमाल वेगासाठी हीच गाडी साडेसहा सेंटीमीटरांपर्यंत खाली बसते.

कमाल वेग येथे निरुपयोगी आहे, हे एवढ्यावरून ठरते. उपयोगी पडतो, आणि म्हणूनच धोक्याचा ठरतो, तो प्रवेग म्हणजे वेग वाढण्याचा दर. अडीच सेकंदांत शून्यावरून शंभरावर जाणारी मोटार त्यासाठी जेमतेम 35 मीटर रस्ता घेते, तर साध्या छोट्या मोटारीला बारा-तेरा सेकंद आणि सुमारे दोनशे मीटर लागतात. मांद्रे किंवा हरमलच्या बाजारात रस्ता ओलांडणारी बाई समोरच्या गाडीचा अंदाज आयुष्यभर पाहिलेल्या गाड्यांवरून बांधते आणि तिचा तो अंदाज येथे चुकतो. कायदा मात्र एका ठिकाणचा वेग मोजतो. तो वेग किती अवधीत गाठला, याची नोंद कोणत्याही कॅमेऱ्यात होत नाही.

हा प्रवेग आता कोट्यधीशांपुरता राहिलेला नाही. विजेच्या मोटारीत सगळा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे मार्च 2024 मध्ये भारतात आलेली 530 अश्वशक्तीची बीवायडी सील 53 लाखांत मिळू लागली आणि ती 3.8 सेकंदांत शंभर गाठते. मुंबईच्या महिंद्रा समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिना या कंपनीची बॅटिस्टा 1900 अश्वशक्तीची असून तिला दोन सेकंदही लागत नाहीत. पुण्यात कल्याणीनगर येथे 19 मे 2024 च्या पहाटे दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणारी पोर्शे विजेवर चालणारीच होती. ती सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती आणि 1758 रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे तिची कायम नोंदणीही झालेली नव्हती.

शक्ती आणि चालकाची पात्रता यांचा संबंध भारतीय कायद्याला अपरिचित नाही: सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतचीच दुचाकी चालवता येते. हेच तत्त्व चारचाकीला लावण्यात अडचण कोणती, हे स्पष्ट होत नाही. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी जेथे बनतात त्या इटलीत नव्या परवानाधारकाला सुरुवातीची काही वर्षे वजनाच्या मानाने ठरावीक शक्तीपलीकडची मोटार चालवण्यास मनाई आहे. पेडण्यात किंवा डिचोलीत मात्र अठरा पूर्ण झालेल्या मुलाला छोट्या मोटारीवर परीक्षा देऊन मिळालेला परवाना हजार अश्वशक्तीच्या मोटारीलाही त्याच दिवशी चालतो.